आई भेटली नाही

त्या घरात दोन सुना होत्या, आणि आळीतली निम्मी माणसं त्यांना नावानं ओळखतच नसत. एक थोरली, एक धाकटी, बस्स. थोरली दहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली; तिला तीन लेकरं, त्यातलं शेंडेफळ म्हणजे दीड वर्षाची चिमी. धाकटी आली तीन वर्षांपूर्वी, शाळा पुरी करून आणि वर आरोग्यसेविकेचा सहा महिन्यांचा कोर्स करून. शिकलेलं माणूस घरात आलं की घराला थोडं टोचतं, तसं ते टोचत होतंच. पण खरी ठिणगी पडली ती धाकटीला मुलगा झाल्यावर.

दिवस कडक उन्हाचे होते आणि लेकरू आठ दिवसांचं. थोरली वाटीत उकळून गार केलेलं पाणी आणि चमचा घेऊन आली. म्हणाली, "घशाला कोरड पडली असेल गं त्याच्या. दोन चमचे पाज."

सासरे बसले होते, दोन शेजारणी बाळ बघायला आल्या होत्या. त्या सगळ्यांसमोर धाकटी म्हणाली, "सहा महिने फक्त अंगावरचं दूध. वरचं काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तुमच्या वेळी चालायचं तसलं, जाऊबाई."

बोलणं बरोबर होतं, बोलायची रीत चुकली होती. थोरलीनं वाटीतलं पाणी दाराबाहेरच्या कुंडीत ओतलं आणि म्हणाली, "बरं बाई. तू शिकलेली." त्या दिवसापासून दोघींमध्ये मिठापिठापुरतं बोलणं उरलं.

मोठे बोल बोललेल्या माणसाची नशीब फार दिवस वाट पाहत नाही. बाळाला चार महिने होतात न होतात तोच आरोग्य कार्यालयातून धाकटीला बोलावणं आलं. एक पाहणी निघाली होती: गावातल्या आणि शहरातल्या आया आपल्या लहान लेकरांना काय पाजतात, फक्त अंगावरचं की आणखी काही. काम एकवीस दिवसांचं, शहरात राहून. बाळ सोबत आणता येणार नाही. आणि नाही म्हटलं तर गावच्या आरोग्य केंद्रातल्या कायम जागेच्या यादीतून नाव जाणार. त्या यादीत धाकटी दोन वर्षं ताटकळत होती.

नवरा ट्रकवर. दोन महिन्यांतून एकदा घरी यायचा. फोनवर म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." पुरुष असं म्हणाला की बाईनं ओळखून घ्यावं, ओझं आपल्याच डोक्यावर आलं. दोन दिवस ती बाळाला मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिनं बाजारातून पावडरच्या दुधाचा डबा आणला.

डबा थोरलीच्या हातात देताना तिची मान वर होईना. "पाणी उकळून घ्यायचं. भांडं, चमचा, सगळं उकळायचं. एका वाटीला एवढे चमचे, सपाट, शीग लावून नाही." थोरलीनं डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. 'थेंबसुद्धा नाही' हे शब्द दोघींच्या मध्ये उभे होते, पण थोरलीनं ते उच्चारले नाहीत. "ठेव तिथं फळीवर," एवढंच म्हणाली.

धाकटीला धास्ती होती ती एकाच गोष्टीची. एकवीस दिवस चमच्यानं प्यायलेलं लेकरू परत आपल्या अंगाला लागेल का? आणि तोवर अंगात दूध तरी राहील का? न काढलेलं दूध आटतं, हे तिला कोर्समध्ये शिकवलं होतं. तिनं ठरवलं, काही झालं तरी आटू द्यायचं नाही.

शहरात तिला पिठाच्या गिरणीवरची खोली मिळाली. खाली गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची, आणि उशी झटकली तरी पीठ उडायचं. कोपऱ्यात मोरी, मोरीत एक बादली, खिडकीत एक खिळा. सकाळी उठल्यावर, निघण्याआधी, परत आल्यावर आणि जेवणानंतर, दिवसातून चार वेळा, ती मोरीशी बसायची आणि स्टीलच्या पेल्यात दूध काढायची. हात दुखून यायचे. पेला अर्धा भरला की तो मोरीत ओतायचा. लहानपणी दूध सांडलं म्हणून तिनं आईचा मार खाल्ला होता, त्यामुळे ओततानाचा हात दर वेळी थांबायचा. मग ती वरून तांब्याभर पाणी ओतायची, म्हणजे मोरीत पांढरं दिसू नये. बघायला कोण होतं तिथं? पण ओतायची.

प्रशिक्षण एका दिवसाचं झालं. पाहणीच्या मोठ्या मॅडम कडक होत्या. नियम तीन. विचारायचं ते फक्त कालचं. काल उजाडल्यापासून आज उजाडेपर्यंत बाळाच्या तोंडात काय काय गेलं. दुसरा, सल्ला द्यायचा नाही. तिसरा, चेहरा बदलायचा नाही. "बाई म्हणाली, मी बाळाला चहा पाजला, तरी तुमची भुवई हलता कामा नये. भुवई हलली की पुढची बाई खोटं बोलते."

फॉर्मवर सगळ्यात वर तीन चौकटी होत्या: आई भेटली, आई भेटली नाही, घर बंद. आई घरात नसेल तर बाळ आजीपाशी असो की शेजारणीपाशी, 'आई भेटली नाही' वर खूण करायची आणि पुढचं घर धरायचं. एका पोरीनं हात वर केला. "मॅडम, आई आजारी आहे आणि बाळाला मावशीनं पाजलं, तर?"

"अंगावरचं ना? मग आईच्या दुधापुढे 'हो'. कुणाच्या अंगावरचं, ते आपल्याला विचारायचं नाही." सगळ्या हसल्या. धाकटीही हसली.

तिच्या जोडीला वजनवाला होता, बाळांचं वजन करायचा काटा खांद्याला अडकवून फिरणारा. भला माणूस, पण घर शहरातच. पाच वाजले की त्याला बायकोची आठवण यायची. त्यानंतर धाकटीशी बोलायला गिरणी तेवढी उरायची.

प्रशिक्षण धरून पहिले बारा दिवस शहरातली घरं. एका खोलीत तीन चुली, जिन्याखाली संसार. कारखान्यातल्या बायका दीड-दोन महिन्यांत कामावर परतलेल्या, त्यामुळे डबे जिकडेतिकडे. जिथं डबा दडवलेला असायचा तिथं बाई भिंतीवरच्या सरकारी चित्राकडे बघून उत्तरं द्यायची. एक तर सरळ म्हणाली, "दवाखान्यात सांगतात तेच लिहा ना ताई. तुमचंही काम होईल, माझंही."

"काल काय दिलं तेवढं सांगा."

"काल? काल सासूबाई होत्या. त्यांना विचारा."

धाकटी विचारायची, ऐकायची, खुणा करायची. भुवई हलू दिली नाही. पण चेहरा सांभाळता येतो, अंगाचं काय करायचं? कुणाचंही लेकरू रडलं की तिला पान्हा फुटायचा. लेकराला काय माहीत, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात म्हणून ते रडायचं, आणि इथं भलत्याच बाईची कापडं भिजायची. ती आत मऊ कापडाच्या घड्या ठेवायची, वरून फॉर्मचं पॅड छातीशी घट्ट धरायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं ती स्वतःलाच म्हणायची. मग तिला हसू यायचं, कारण कोरडी तेवढी ती नव्हती. हसू लगेच जायचंही.

संध्याकाळी ती घरी फोन लावायची. फोन दिरांचा, पण उचलायची थोरली.

"घेतो का तो?"

"घेतो की. ढेकर देऊन झोपतो."

"किती वेळा?"

"मागेल तेव्हा."

"भांडी उकळता ना?"

"भांड्यांची काळजी तू करू नकोस."

एकदा चिमीनं फोन ओढून घेतला. "काकी, बाळ माझं दुदू पितो," ती रडव्या आवाजात म्हणाली. धाकटीला वाटलं, चिमीच्या पेल्यातलं दूध बाळाला दिलं जातंय, म्हणजे डबा संपला असणार. गाईचं दूध, तेही न उकळलेलं? पण विचारायला तोंड कुठे होतं? जिनं भरल्या घरात जावेला शिकवलं, ती आता कुठल्या तोंडानं चौकशी करणार?

फोन ठेवताना थोरली दर वेळी विचारायची, "आणि तू?"

"मी काय, ठीक," असं म्हणून धाकटी फोन बंद करायची आणि मोरीशी जाऊन बसायची.

अकराव्या दिवशी शर्ट शिवायच्या कारखान्याच्या फाटकाशी एक शिलाई मशीनवाली भेटली. जेवणाच्या अर्ध्या तासात तिची आई बाळ घेऊन फाटकाशी यायची, आणि ती पहारेकऱ्याच्या खोलीमागे भिंतीकडे तोंड करून पाजायची. एका हातात भाकरीची गुंडाळी, दुसऱ्या हातावर बाळ. दोघांचं जेवण एकदमच उरकायचं. सकाळी कामावर येण्याआधी वाटीत दूध काढून ठेवायची; दुपारपर्यंत आजी तेच चमच्यानं द्यायची. पाणी? नाही. साखरपाणी? नाही. डबा? नाही. बारा दिवसांत असं सरळ उत्तर देणाऱ्या बायका एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या.

शेवटची खूण झाली तशी मशीनवालीनं विचारलं, "तुम्हाला मूलबाळ?"

"आहे. चार महिन्यांचा झालाय."

"अगं बाई. मग त्याला पाजतं कोण?"

"डबा आहे," धाकटी म्हणाली.

मशीनवालीला कुणी नियम शिकवले नव्हते. तिचा चेहरा बदलला. "असू दे," ती म्हणाली, "काय करणार आपण तरी." तिची कीव खरी होती, म्हणून धाकटीला ती जास्त लागली. भोंगा झाला. मशीनवाली आत पळाली, आणि धाकटी फाटकाबाहेर पुढच्या घराचा पत्ता शोधत उभी राहिली. त्या दिवशी तिनं पेला दोनदा भरला.

नंतरचे नऊ दिवस गावांतली घरं. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं परत. गावातल्या बाया अंगावर पाजण्यात हयगय करत नव्हत्या. शेतातून येऊन पाजायच्या, भाकरी थापता थापता पाजायच्या.

"वरचं काही देता का?"

"वरचं? छे. वरचं काही नाही."

"पाणी?"

"पाणी तर देणारच की बाई. माणूसच आहे ना ते."

पाणी वरचं कसं? वरचं म्हणजे गाईचं, म्हशीचं, डब्यातलं. पाणी हे पाणी. घरोघरी हेच उत्तर, आणि प्रत्येक उत्तरागणिक धाकटीला एक वाटी आणि एक चमचा दिसायचा. थोरली त्या दिवशी हेच म्हणत होती. या बायकांसमोर धाकटीनं भुवई हलवली नाही, मान डोलावली, पुढचा प्रश्न विचारला. परक्या बायकांशी इतकं नीट वागता येतं, मग घरच्या बाईशीच तेवढं का जमलं नाही? बसच्या खिडकीशी बसून ती हे घोळवत राहायची. तिला थोरलीची आठवण येत होती, आणि हे तिचं तिलाच नवल वाटत होतं.

एकविसाव्या दिवशी फॉर्मचे गठ्ठे जमा झाले. दीडशेच्या वर घरांत पाण्याचा थेंबही न घेतलेली बाळं निघाली अकरा. एक कोरा फॉर्म तिच्या पिशवीत तसाच राहिला. पेल्यात आता तळ झाकेल एवढंच दूध येत होतं, पण येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी पोचली. ओटीवर सासरे डुलक्या घेत होते. चिमी दारातून ओरडली, "काकी आली." धाकटी पिशवी तशीच टाकून आत गेली.

थोरली भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर बाळ. बाळ तिला लुचत होतं, डोळे अर्धे मिटून, एक मूठ तिच्या गळ्यातल्या मण्यांत अडकवून.

थोरली दचकली. तिनं बाळाला बाजूला करायला हात लावला, तसं ते कुरकुरलं. तिनं हात काढून घेतला. "बस," ती म्हणाली. "हातपाय धू. पोट भरतच आलंय त्याचं."

धाकटीनं फळीकडे पाहिलं. डबा होता तिथंच होता. झाकणावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

"डबा?"

"तूच म्हणाली होतीस ना, सहा महिने वरचं काही नको. मग डबा कशाला आणलास ते मला कळलं नाही." थोरली बाळाकडे बघत बोलत होती. "चिमीला अंगावरून तोडून दहाच दिवस झाले होते. दूध होतं अजून थोडं. लावला त्याला, पहिले दोन दिवस रडला, मग लागला. पाणीही नाही दिलं. थेंबसुद्धा."

"फोनवर सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुझं लेकरू मी पाजते म्हणून? तिकडे एकटी होतीस. रडत बसली असतीस." मग म्हणाली, "आणि मला वाटलं, तुला आवडणार नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसंच झालं होतं. धाकटी एकवीस दिवस ज्या बाळाला घरोघरी शोधत होती ते तिच्याच घरात होतं. तिला जावेच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी तिच्या मांडीवरून बाळ हिसकावून घ्यावंसं वाटलं. दोन्ही खरं होतं. तिनं चेहरा बदलू दिला नाही. मोरीत जाऊन हातपाय धुतले.

संध्याकाळी बाळ भुकेनं उठलं तेव्हा तिनं त्याला जवळ घेतलं. पान्हा तर त्याच्या पहिल्या रडण्यालाच फुटला होता. बाळानं तोंड लावलं, थांबलं, वर तिच्याकडे पाहिलं. मग मान वळवली आणि मोठ्यांदा रडू लागलं. तिनं बाजू बदलली, गाणं म्हटलं, उभं राहून पाहिलं. बाळ पाठीची कमान करून स्वयंपाकघराकडे हात करत होतं, भांड्यांचा आवाज येत होता तिकडे. दूध त्याच्या गालावरून ओघळत होतं आणि ते प्यायला तयार नव्हतं.

थोरली दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशी थांबली. तिच्याही पोलक्याच्या पुढच्या बाजूला ओल पसरत होती. ती आत आली नाही. धाकटीच शेवटी उठली आणि म्हणाली, "घ्या."

बाळ शांत झालं. धाकटीनं पिशवीतून तो कोरा फॉर्म काढला आणि जावेसमोर जमिनीवर बसली. आभार कसे मानायचे ते तिला येत नव्हतं. विचारायला मात्र आता चांगलं येत होतं.

"काल उजाडल्यापासून आज उजाडेपर्यंत. पाणी?"

थोरलीनं आधी तिच्याकडे रोखून पाहिलं. थट्टा नाही असं दिसल्यावर नीट बसून उत्तर दिलं, "नाही."

"साखरपाणी? मध? गाईचं दूध? डब्याचं?"

"नाही. नाही. नाही. नाही."

"आईचं दूध?"

थोरली बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "आता काय सांगू तुला," ती हळूच म्हणाली.

"अंगावरचं असलं की 'हो' लिहितात," धाकटी म्हणाली आणि तिनं खूण केली. सगळ्या पाहणीतला सगळ्यात नेटका फॉर्म होता तो. वरच्या तीन चौकटी तेवढ्या राहिल्या होत्या. प्रश्न कालचा होता, आणि पाहणीत खोटं लिहायची तिला सवय नव्हती. तिनं 'आई भेटली नाही' वर खूण केली आणि कागदाची घडी घातली. मग मात्र तिला रडू आवरेना. थोरलीनं तिला रडू दिलं.

सकाळी थोरलीनं चिमीला कडेवर घेतलं आणि हातात कपड्यांची पिशवी. "चार दिवस माहेरी जाऊन येते."

"अचानक?"

"मी घरात असले तर तो तुझ्याकडे येणार नाही. वास येतो त्याला." पाळण्यात बाळ झोपलं होतं. ती त्याच्याकडे न बघताच दारापर्यंत गेली. "रडेल. पाणी देऊ नकोस," एवढं सांगून निघाली.

बाळ रडलं. दुपार टळेपर्यंत रडलं, आवाज बसेपर्यंत रडलं. सासरे उठून बाहेर निघून गेले. धाकटी त्याला घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिली. चालता चालता, दमल्यावर, चिडूनच त्यानं तोंड लावलं. एकदा सोडलं. पुन्हा धरलं. मग त्याच्या घशाचा घुटघुट आवाज येऊ लागला आणि धाकटी होती तिथंच, खोलीच्या मधोमध, हळूहळू खाली बसली.

ते झोपल्यावर तिनं फोन लावला.

"जाऊबाई, घेतलं त्यानं."

"किती वेळ?"

"झोप लागेपर्यंत."

"बरं झालं," थोरली म्हणाली. "चला, माझं एक ओझं उतरलं."

धाकटीला तो आवाज ओळखीचा वाटला. गिरणीवरच्या खोलीतून रोज संध्याकाळी ती स्वतः याच आवाजात बोलत होती. तिनं विचारलं, "आणि तुम्ही?"

पलीकडे मोरीत कुणीतरी तांब्याभर पाणी ओतल्याचा आवाज आला.

"मी काय," थोरली म्हणाली, "ठीक."